सहावी वाटी

चिठ्ठ्या आम्ही औशाच्या विश्रामगृहात काढल्या,
बिस्किटाच्या रिकाम्या डब्यातून.
चाळीस गावं, वीस-वीस.
सावरखेड्याला वाटी लागली,
बोरखडीला मेसेज.
मध्ये फक्त तावरजा,
चपला हातात घेऊन ओलांडता येते एवढी.

नियम सोपा होता.
महिन्यातून एकदा उपकेंद्रावर या,
दंडाला पट्टा फुगू द्या,
बीपीच्या गोळ्यांबरोबर
स्टीलची एक वाटी घेऊन जा.
सहा महिने, सहा वाट्या.
बोरखडीवाल्यांना फोनवर एक ओळ:
'आपले आरोग्य आपल्या हाती.'

पुण्याच्या सरांनी वाटीची किंमत धरली होती
अडतीस रुपये.
प्रश्न क्रमांक अकरा: आपण का आलात?
प्रयागबाई गिरवलकर माझ्याकडं बघतच राहिल्या.
"पाच वाट्यांचा संच असतो का रं कुठं?
लेकीच्या रुखवतात पाच मांडू का?"
रात्री फोनवर मी हे सरांना सांगितलं.
बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, लिहून ठेव.

आणि लोक येत होते.
ज्वारीची काढणी अर्धी टाकून.
खाजामियाँ तर ट्रकवरून उतरून थेट,
भुवयांवर सिमेंट घेऊन;
वाटी घेतल्याबिगर घरात पाय ठेवू नका,
असं बायकोनं बजावलं होतं म्हणे.
दैवशाला सिस्टर लाल पेनानं
एकशे तीस लिहायच्या
आणि वहीकडंच बघून हसायच्या.

बोरखडीला माझी मावशी राहते.
सोजरमावशी.
हे मी कुठल्याच फॉर्मात लिहिलं नव्हतं.
तिसऱ्या महिन्यात तिनं गोळ्या सोडल्या.
"त्यांच्या जिवाला वाटी,
आमच्या जिवाला मेसेज.
मला वाचता येत न्हाई, ठाऊक हाय ना तुला?"
वर एकशे शहात्तर, खाली एकशे चार.
गोळी न घेण्याचं कारण:
विसरले. दूर पडतं. आता बरं वाटतं. पैसे नाहीत.
राग नव्हता यादीत.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
पडदा सरकला,
प्रश्न क्रमांक बारा.

मग मी एक चुकीची गोष्ट केली.
लातूरच्या भांडीबाजारात वाटी घेतली,
नाव घालून.
टाके मारणाऱ्यानं सोजरचं सोजराबाई केलं.
मावशीनं ती उलटीपालटी केली,
नखानं वाजवून पाहिली.
"ही तू दिलीस.
मला ती दवाखान्यानं द्यायला पायजे होती."
आणि रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून
मूठभर भाजके शेंगदाणे घालून
माझ्या हातात ठेवली.

अहवाल झाला.
वाटीच्या गावांत शंभरात एकाहत्तर,
मेसेजच्या गावांत तेहेतीस.
सातव्या महिन्यात, वाट्या संपल्यावर, अठ्ठेचाळीस.
त्या अठ्ठेचाळिसांत प्रयागबाई होत्या;
का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.
"सिस्टर वाट बघती," एवढंच.
बैठकीत एका साहेबांनी विचारलं,
वाटीऐवजी चमचा दिला तर भागेल का?
सगळे हसले. मीही हसलो.
टिपणात 'चमचा' असा शब्द
माझ्याच अक्षरात आहे.

शनिवारी मी तावरजा ओलांडतो,
खिशात गोळ्यांची पट्टी.
मावशी घोटभर पाणी पिते,
जीभ बाहेर काढून दाखवते, लेकरासारखी.
"तुझ्यासाठी घेतीय," म्हणते,
"त्यांच्यासाठी न्हाई."
वाटी अजून माझ्याच घरी आहे.
तिच्यात मी सुटे पैसे टाकतो,
एसटीला लागतात ते.